डाव्या खांद्यातली गोळी

नऊ वर्षं मी रॉइस टॅकेटला काडतुसं विकत होते. आमच्या एल्क बेंडमध्ये बंदुकांचं दुकान माझं एकच. दुसरं चाळीस मैलांवर, त्यामुळे त्या बिचाऱ्याचाही नाइलाज असेल असं लोकांना वाटायचं. नाइलाज कसला! त्याला यायला आवडायचं. माझ्या भावाला गावातून उठवून लावल्यावर माझ्याच काउंटरवर कोपर टेकायचं आणि विचारायचं, "काय व्हर्ना, लायमन काय म्हणतोय?" ही मजा त्याला चाळीस मैलांवर कुठे मिळणार होती?

मी म्हणायचे, "बरा आहे." आणि काडतुसांचा डबा पुढे सरकवायचे.

लायमन माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, म्हणजे तसा मीच वाढवलेला. शाळेत त्याचं कधी काही जमलं नाही. जंगलात मात्र त्याला सगळं दिसायचं. ओल्या शेवाळावरून अस्वल सकाळी गेलं की दुपारी, हे तो वाकून न बघता सांगायचा. रॉइस शिकारीच्या सफरी काढायचा, खेचरं त्याची, तळ त्याचा, जाहिरातीत नाव त्याचं. पण गिऱ्हाइकाला अस्वलासमोर नेऊन उभं करायचा तो लायमन.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या हंगामातलं गिऱ्हाईक इलिनॉयचं होतं, घरांची छपरं घालणारा एक जाडजूड गृहस्थ. त्याला दालचिनी रंगाचं एक मोठं अस्वल हवं होतं. डावा कान अर्धा फाटलेला. उन्हाळ्यात रॉइसच्या झाडावरच्या कॅमेऱ्यात ते आलं होतं आणि त्यानं तो फोटो आपल्या जाहिरातीच्या कागदावर छापला होता, त्यामुळे गावातल्या शेंबड्या पोरालाही ते अस्वल तोंडपाठ होतं. तिघं देवदारांच्या दाटीत शिरले. पुढे गिऱ्हाईक, बाजूला लायमन, मागे रॉइस. चाळीस पावलांवर अस्वल उभं राहिलं. गिऱ्हाइकानं बंदूक खांद्याला लावलीसुद्धा नव्हती, तोच मागून बार झाला. अस्वल डाव्या खांद्यावर लोळलं, उठलं आणि झाडीत घुसलं. रॉइसनं त्या दोघांना त्याच्या मागावर पाठवलं आणि स्वतः खेचरं आणायला म्हणून परत फिरला. पंधरा मिनिटांनी अस्वल झाडीतून निघालं ते थेट गिऱ्हाइकाच्या अंगावर. त्याचा हात कोपरापासून चघळला, गालाचा लचका तोडला. लायमननं सहा पावलांवरून गोळी झाडली. अस्वलानं माणूस सोडला आणि ते पळालं. पुन्हा कुणाला दिसलं नाही.

हे लायमननं सांगितलं ते. रॉइसनं परवाना मंडळापुढे शपथेवर सांगितलं ते असं: मी एकही बार काढला नाही. दोन्ही लायमनचे. पहिली गोळी त्यानं घाईनं मारली, ती डाव्या खांद्यात लागली, उंचावर. दुसरी घाबरून हवेत गेली. गिऱ्हाइकाला काही आठवत नव्हतं. रॉइसच्या बंदुकीची नळी तपासायला घेतली तेव्हा ती आतून लख्ख पुसलेली होती. लायमनची अर्थातच काळी होती.

लायमनचा वाटाड्याचा परवाना गेला. त्याहून वाईट म्हणजे लोक त्याच्याशी चांगलं वागायला लागले. त्याला दार उघडून धरायचे, कॉफी पाजायचे आणि काम द्यायचं नाही. दुसऱ्या वर्षी तो नेवाडात एल्कोला गेला आणि ट्रकची टायरं बदलायला लागला. दर रविवारी फोन करायचा. हवा कशी आहे, नदीला पाणी किती आहे, बस. एकदाच म्हणाला होता, "व्हर्नी, मी त्या माणसाच्या अंगावरून अस्वल उठवलं गं. माझी गोळी मानेत बसली, मी पाहिलंय. बाकी काय म्हणायचं ते म्हणू देत."

आणि रॉइस? त्यानं दोष वाटून टाकला होता. अर्धा माझ्या भावावर आणि अर्धा त्याच्या काडतुसावर. लायमनकडे ४४४ होती, रॉइसकडे ४५-७०. दोन्ही लिव्हर ओढून भरायच्या रायफली, दोन्ही जाड गोळ्यांच्या, दाट झाडीत जवळून मारायच्या. फरक एवढाच की ४४४ ची गोळी हलकी आणि वेगवान, ४५-७० ची जड आणि सावकाश. रॉइस दर वर्षी नव्या गिऱ्हाइकाला माझ्या दुकानात उभं करून ४५-७० घ्यायला लावायचा आणि वर ऐकवायचा, "४४४ ही पोरांची बंदूक. आमच्याकडे एक गडी होता, त्याच्या ४४४ नं अस्वल नुसतं खवळलं." हे माझ्या तोंडावर. मी पावती फाडायचे.

मग या मे महिन्यात ओडेल आला. ओडेल प्राइन हा आमच्याकडे जनावरांत पेंढा भरून देतो. बोलतो कमी. त्यानं खिशातून औषधाची बाटली काढली आणि काउंटरवर उपडी केली. शिशाचा एक चेपलेला गोळा घरंगळला. मळका, बोरासारखा फुगलेला, मागचा भाग अजून सरळ.

"शनिवारी पलीकडच्या खोऱ्यातल्या लाकूडतोड्यानं अस्वल मारलं," तो म्हणाला. "कातडं काढलं मी. म्हातारा नर. दालचिनी रंग."

"बरं?"

"डावा कान अर्धाच."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"डाव्या खांद्यात होती," तो म्हणाला. "उंचावर. भोवती गाठ धरली होती, जुनी. अख्खं जनावर उघडं केलं मी. दुसरी जुनी जखम कुठेच नाही. एवढी एकच."

काडतुसं भरायचा माझा छोटा तराजू काउंटरवरच असतो. मी गोळी त्यात ठेवली. तीनशे बासष्ट ग्रेन, गोळ्या तोलायचं माप ते. पुन्हा ठेवली. तीनशे बासष्ट. लायमन जी गोळी वापरायचा ती मीच त्याला भरून द्यायचे. ती नवी कोरी असताना दोनशे पासष्ट ग्रेनची. हाडात आपटून, झिजून, शंभर ग्रेन वाढवून घेणारी गोळी अजून कुणी बनवलेली नाही. रॉइसची नवी गोळी चारशे पाच ग्रेनची.

ओडेल म्हणाला, "मंडळाला कळवू या. त्यांच्या ऑफिसात, बॉइसीला फोन कर."

"नाही."

"अगं, पुरावा आहे हा."

"माझ्या भावाची अब्रू काय बॉइसीत गेली होती का, ओडेल? ती इथे गेली, या काउंटरसमोर. ऑक्टोबर येऊ दे. तोवर तुझं तोंड बंद."

ते त्याला जड गेलं नाही. मला गेलं. पाच महिने ती गोळी माझ्या ॲप्रनच्या खिशात होती. गिऱ्हाइकांशी बोलताना मी ती बोटांनी चाचपायचे. रॉइस जूनमध्ये आला, ऑगस्टमध्ये आला, लायमनची चौकशी करून गेला. मी इतकी गोड वागले की तो एकदा दारातून मागे वळून बघत राहिला. हे वागणं चांगल्या माणसाचं नव्हे, मला ठाऊक आहे. पण खरं सांगते, नऊ वर्षांत मला इतकी शांत झोप कधी लागली नव्हती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी रॉइस आला तो एका ठेंगण्या बाईला घेऊन. ग्रेटा कोव्हाल तिचं नाव, ओहायोची, एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. नवऱ्यानं मरताना सांगितलं होतं की माझ्या वाटणीचं अस्वल तू मारून ये. म्हणून आली होती. सकाळचे नऊ वाजले होते. खिडकीशी विल्बर स्ट्राउड रोजच्यासारखा माझी फुकटची कॉफी पीत बसला होता. हा शेरिफच्या ऑफिसातून निवृत्त झालेला, आणि त्या वेळी लायमन आणि रॉइस दोघांचे जबाब त्यानंच लिहून घेतले होते. ओडेलला मी मागच्या खोलीतून फोन करून बोलावून घेतलं, तो पाच मिनिटांत आला. आणखी दोन-तीन जण शिकारीचे परवाने घ्यायला रांगेत होते.

"या बाईंना ४५-७० दाखव," रॉइस म्हणाला.

"आधी मला विचारू दे की," ग्रेटा म्हणाली. "वजन माझं एकशे वीस पौंड. खांदा एकच चांगला आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन झालंय. मला काय झेपेल?"

मला ती तिथेच आवडली. मी तिन्ही काडतुसं ओळीनं मांडली. "ही ४५-७०. सगळ्यांत जुनी. हिच्यात दोन तऱ्हा आहेत. जुन्या पद्धतीची भरलेली सावकाश जाते, खांद्याला ढकलल्यासारखं वाटतं. नव्या पद्धतीची जोरकस भरलेली खेचरासारखी लाथ मारते. ही ४५०. काम तेच जोरकस ४५-७० चं, पण काडतुसं मिळता मिळत नाहीत. आणि ही ४४४. गोळी हलकी, पण लांबवर सरळ जाते. धक्का आहे, तो चटकन बसतो, थोबाडीत मारल्यासारखा."

"ते शेवटचं उचलून ठेव," रॉइस म्हणाला.

"का हो?" ग्रेटानं विचारलं.

नऊ वर्षं ज्याची तयारी तो स्वतःच करत आला होता, त्यात मी कशाला तोंड घालू?

"का म्हणजे? मी डोळ्यांनी पाहिलंय," तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. "चाळीस पावलांवरून ४४४ ची गोळी अस्वलाला लागली. चालत निघून गेलं. वर एका माणसाला फाडून गेलं."

"कुठे लागली होती रे?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पण गिऱ्हाईक समोर होतं. "डाव्या खांद्यात. उंचावर. तुला माहीत आहे."

"दोन बार झाले होते ना?"

"दुसरा हवेत गेला. व्हर्ना, जुन्या गोष्टी कशाला—"

"बाईंना कुठली बंदूक पेलेल हे ठरवायचंय. नीट सांग ना. लागली ती एकच?"

"एकच."

"आणि तू झाडलीच नाहीस."

"नाही झाडली! विल्बरला विचार, त्याच्यापुढे जबाब दिलाय मी."

विल्बर खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाला, "दिलाय. शब्दन् शब्द असाच."

माझ्या काउंटरवर एक ताटली असते. जनावरांतून काढलेल्या गोळ्या मी तिच्यात ठेवते, कुठली कशी फुगते ते गिऱ्हाइकांना दाखवायला. मी खिशातली गोळी काढली, ताटलीत न ठेवता रॉइसच्या कोपराशी ठेवली.

"ही ती गोळी," मी म्हणाले. "ओडेल, सांग."

ओडेलनं सांगितलं. चार वाक्यांत. अस्वल, कान, खांदा, दुसरी जखम नाही. कातड्याचा फोटो त्यानं घडी उलगडून ठेवला, शेजारी रॉइसच्या जाहिरातीचा जुना कागद. तोच फाटका कान.

मी ग्रेटाला म्हणाले, "बाई, हात द्या जरा. ही ४४४ ची नवी गोळी, माझा भाऊ वापरायचा ती. तराजूत ठेवा."

तिनं ठेवली. "दोनशे पासष्ट," तिनं वाचलं.

"आता ही चेपलेली."

तिनं ठेवली, चष्मा वर केला, पुन्हा वाकून पाहिलं. "तीनशे बासष्ट. हे कसं काय? ही तर मोडलेली आहे आणि हीच जड?"

"हेच मी रॉइसला विचारतेय."

त्याचा चेहरा मी पाच महिने मनात रंगवला होता. मला वाटलं होतं तो लाल होईल, ओरडेल. तो पांढरा पडला. "दुसऱ्या कुणाची तरी असेल," तो म्हणाला. "नऊ वर्षांत शंभर शिकारी येऊन गेले त्या खोऱ्यात."

"असेल ना. मग लायमनची कुठाय? तूच आत्ता सांगितलंस, डाव्या खांद्यात, उंचावर, एकच. त्या जागी एकच गोळी आहे. ती ४५-७० ची आहे. त्या दिवशी त्या झाडीत ४५-७० तुझ्या एकट्याकडेच होती."

विल्बर कप ठेवून उठला आणि येऊन तराजूपाशी उभा राहिला. त्यानं स्वतः पुन्हा वजन केलं. "रॉइस," तो हळू म्हणाला, "तेव्हा मी तुझी नळी बघितली होती. अशी पुसलेली नळी मी शिकारीच्या दिवशी कुणाचीच बघितली नव्हती. मला तेव्हाच विचारायला हवं होतं."

रॉइस माझ्याकडे बघत होता. "त्याला ना बायको ना पोर," तो म्हणाला. "लायमनला. तो कुठेही जगला असता. माझी तीन पोरं होती घरात, व्हर्ना."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. रांगेतल्या एकानं शिवी हासडली.

मला हसू आलं. लपवलं नाही. "त्याला बहीण होती," मी म्हणाले. "तुझ्या हिशेबात ती धरायची राहिली. नीघ इथून. तुझ्या बंदुकीत घालायला या दुकानात आता काही मिळणार नाही."

तो गेला. गिऱ्हाइकाला तिथेच विसरून गेला. ग्रेटा माझ्याकडे वळली. "या माणसाबरोबर मी जंगलात जाणार नाही, ते एक नक्की. पण मला एक सांग. दोष काडतुसाचा नव्हता ना?"

"कुठल्याच नाही."

"मग ज्यानं माझा खांदा कमी दुखेल ते दे." तिनं ४५-७० घेतली, जुन्या पद्धतीच्या सावकाश काडतुसांची. नदीपलीकडच्या दुसऱ्या वाटाड्याबरोबर गेली आणि चौथ्या दिवशी एका गोळीत अस्वल पाडलं. मला पोस्टकार्ड पाठवलं.

मंडळाला विल्बरनंच कळवलं. हिवाळ्याच्या आत रॉइसनं प्रकृतीचं कारण सांगून परवाना परत केला, आणि लायमनला तीन ओळींचं पत्र आलं की त्याच्यावरचा ठपका काढून टाकण्यात येत आहे. गावात लोक आता रॉइससाठी दार उघडून धरत नाहीत. मी ते सगळं बघते, आणि मला ते पुरत नाही.

लायमनला मी त्याच सोमवारी फोन केला होता. सगळं सांगितलं, रॉइसचा चेहरासुद्धा. मला वाटलं तो ओरडेल, रडेल, काहीतरी करेल. मागे टायरच्या हवेचा पंप चालू होता.

"ओडेलनं अख्खं जनावर उघडलं?" त्यानं विचारलं.

"अख्खं."

"मानेत काहीच नव्हतं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाच महिने गोळी खिशात घेऊन फिरले, पण ही गोष्ट एकदाही डोक्यात आली नाही. रॉइस सगळं खोटं बोलला होता. दुसरी गोळी हवेत गेली, एवढं मात्र खरं होतं.

"म्हणजे माझी लागलीच नाही," लायमन म्हणाला.

"लायमन—"

"नंतर बोलतो." त्यानं फोन ठेवला.

पुढचे सहा रविवार फोन आला नाही. त्या एका गोळीवर तो नऊ वर्षं जगला होता आणि ती मी काढून घेतली होती. मला रॉइसचा राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. यातही माझ्याच हातानं माझ्या भावाला मारायला लावलं त्यानं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी लायमन दारात उभा राहिला. केस पिकलेले, हात टायरच्या काळ्यानं रंगलेले. सणाला टर्कीपेक्षा मी केलेल्या बटाट्याच्या भाकऱ्याच त्यानं जास्त खाल्ल्या, आई करायची तशा. मंडळाचं पत्र दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "व्हर्नी, येतेस का वर जंगलात?"

घोट्यापर्यंत बर्फ होतं. त्याला जागा बरोबर सापडली. "इथे गिऱ्हाईक पडलं होतं, इथे मी," तो म्हणाला. तो उभा राहिला, हात बंदूक धरल्यासारखे केले आणि नेम जिकडे जात होता तिकडे चालत गेला. देवदारांचे बुंधे त्यानं एकेक करून चाचपले. मीही चाचपले. तासभर आम्ही दोघं झाडांच्या साली खरवडत होतो. एके ठिकाणी खाच दिसली, त्यानं चाकूनं खणलं. आत नुसतं पिवळं लाकूड.

तो चाकू पुसत म्हणाला, "सहा पावलं. एवढं मोठं अस्वल. मला कशी चुकली असेल?"

"तुझ्या पुढ्यात ते माणूस खात होतं, लायमन."

"अर्धा फूट वरून गेली असेल." त्यानं चाकू मिटला. मग नाकानं हसला. "नुसत्या आवाजानं पळालं म्हणजे. साल्यानं माणूस सोडला आणि आवाजाला घाबरून पळालं."

"सोडला ना?"

"सोडला तर."

"तो इलिनॉयवाला अजून नाताळला मला कार्ड पाठवतो. तुझा पत्ता मागतो. मी दिला नव्हता."

"दे आता," तो म्हणाला.

परत उतरताना रस्ता रॉइसच्या फाटकावरून जातो. फाटकाला साखळी, खेचरांचे गोठे रिकामे, पाटी लावलेली: विकणे आहे. पडवीत तो एकटाच खुर्चीत बसला होता, मांडीवर घोंगडी. त्यानं आमची गाडी ओळखली. लायमननं मान दुसरीकडे फिरवली.

मी फिरवली नाही. गाडी हळू केली आणि पोटभर पाहून घेतलं.